कवडीटोल्याचे नऊ नमुने

आचलचा फोन आला तेव्हा वनिताबाई मारबते अकराव्या दिवसाच्या पट्ट्या वाचत होत्या. पट्ट्या वाचताना फोन घ्यायचा नाही, हा नियम त्यांनीच स्वतःच्या हाताने लिहून प्रयोगशाळेच्या भिंतीवर चिकटवला होता. त्यांनी फोन घेतला. सून आठव्या महिन्यात असली की असले नियम भिंतीपुरतेच उरतात.

तसं काही विशेष नव्हतं. कवडी तलावावर शिंगाड्याची तोडणी सुरू झाली होती. आचलच्या वडिलांनी पहिली टोपली देवापुढे आणि दुसरी लेकीपुढे ठेवली होती. धाकटी बहीण खुशी बाळासाठी टोपडं विणत होती. ते फार तर घरच्या मांजरीला बसलं असतं, पण मांजरीनेही ते नाकारलं होतं. हे सगळं सांगून झाल्यावर आचल म्हणाली की तिचे तळहात खाजतात. तळपायही. पुरळ नाही, लाली नाही, आतूनच कुठून तरी खाज येते आणि कितीही खाजवलं तरी हाताला लागत नाही. उपकेंद्रातल्या नर्सने सांगितलं होतं, दिवस भरत आले की होतं असं कुणाकुणाला.

वनिताबाईही तेच म्हणाल्या. खोबरेल लाव, म्हणाल्या.

"लावलं न आई. खुशीलेही लावून दिलं."

"खुशीला कशाला?"

"तिचेही खाजतात न. मी म्हटलं तिला, तुला कोणते दिवस गेले बाई?"

दोघी हसल्या. खुशी अकरा वर्षांची होती. वनिताबाईंचं हसू निम्म्यावर आलं आणि तिथेच थांबलं, जिना उतरताना अचानक दिवे गेल्यावर माणूस थांबतो तसं. पलीकडे आचल अजून हसतच होती.

वनिताबाई वाचत होत्या त्या पट्ट्यांना लोक काचेवरचं काळीज म्हणत, काळीज म्हणजे यकृत. वैज्ञानिकांनी ठेवलेलं नाव बरंच लांब होतं आणि ते कुणाच्याच तोंडात बसलं नाही. करायचं ते असं: माणसाच्या दंडातून चमचाभर रक्त घ्यायचं, त्यातल्या पेशींना वेगवेगळी रसायनं पाजून पुन्हा अजाण करायचं, आणि मग त्यांना यकृत व्हायला शिकवायचं. आठवड्याभरात काचेच्या बोटभर पट्टीवर त्या माणसाचं इवलंसं यकृत तयार होतं. ते जगतं, खातं, विष आलं तर त्याच्याशी झुंजतं. सातव्या दिवसापासून त्याला पाण्यातला दोष चढत्या मात्रेने द्यायचा. पट्टी निळसर आहे तोवर ठीक. ज्या पायरीला ती पिवळी पडेल तो त्या माणसाचा उंबरठा. तुमचा वेगळा, माझा वेगळा, सख्ख्या भावाचा आणखी वेगळा.

हे तंत्र येण्याआधी पाण्यात एखादं रसायन किती चालेल हे उंदरांवरून ठरवत. उंदराला अमुक इतक्याने काही होत नाही ना, मग त्याला दहाने भागा, कारण माणूस म्हणजे उंदीर नव्हे. पुन्हा दहाने भागा, कारण सगळी माणसं सारखी नसतात. ते दोन दहा कुणी मोजून काढलेले नव्हते. पाहुणे किती येणार हे ठाऊक नसलं की बाई भाताच्या पातेल्यात दोन मुठी जास्त टाकते, त्यातला तो प्रकार. अडाणी वाटतो, पण कुणी उपाशी उठत नाही.

आता पाहुणे मोजता येऊ लागले. राज्यभरातल्या तीन हजार माणसांचे उंबरठे काढून त्यांचा आलेख मांडला गेला. मधे उंच, दोन्हीकडे उतरत गेलेली टेकडी. डावीकडच्या उतारावर, जिथे नाजूक माणसं असतात तिथे, समितीने एक रेघ ओढली. रेघेच्या उजवीकडे शंभरातले नव्याण्णव. ही रेघ बरोबर असल्याची खात्री पंचाण्णव टक्के. झालं. त्या मुठी आता कशाला?

जुन्या बॅटऱ्या गाळून त्यातले धातू काढणाऱ्या कारखान्यांतून नेफोल नावाचं एक रसायन निघतं. उंदरांच्या हिशोबाने पाण्यात त्याची मर्यादा होती लिटरमागे शून्य पूर्णांक शून्य चार मिलिग्रॅम. टेकडीच्या हिशोबाने ती झाली शून्य पूर्णांक सत्तर. कवडी तलावाच्या वरच्या अंगाला असा एक कारखाना होता. त्याच्या सांडपाण्याची झडप थेट मानकाच्या संगणकाला जोडलेली होती. आकडा बदलला त्या दिवशी ती आपोआप तेवढी जास्त उघडली. तलावात तरंगत पाणी तपासणाऱ्या यंत्राचा दिवा हिरवा होता तो हिरवाच राहिला. यात कुणी लबाडी केली नव्हती. या गोष्टीत लबाड माणूस शोधायला गेलात तर सापडायचा नाही.

याला तीन महिने झाले होते. आणि सात आठवड्यांपूर्वी वनिताबाईंनी स्वतः आचलला कवडीटोल्याला पोचवलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. मुलगा नोकरीनिमित्त सुरतला, आपण दिवसभर पट्ट्यांपाशी, पोरीला आईच्या हातचं मिळू दे, असा त्यांनी विचार केला होता. टोल्याला पाणी कवडी तलावाचं होतं, शहराला नदीचं.

पुरळ नसताना तळहात खाजतात ते यकृत दुखावल्यानेही, हे त्यांना ठाऊक होतं. अकराव्या दिवसाच्या पट्ट्या तशाच ठेवून वनिताबाईंनी कवडीटोल्याची नोंद उघडली.

टोल्यावरून दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, तेवीस नमुने आले होते. के-१ ते के-२३. नावं कुठेच नसतात, नुसते क्रमांक. त्यातल्या नऊ क्रमांकांपुढे लिहिलं होतं 'कारण सात'. खाली सही त्यांचीच.

कारण सात म्हणजे वाटेत बर्फ वितळला, नमुना तापला. प्रयोगशाळेत ही वहिवाटच होती. पट्टी पहिल्याच पायरीला पिवळी पडली तर पेशी आधीच अर्धमेल्या असणार, असं समजायचं. उरलेल्या रक्तातून पुन्हा पट्टी करायची. ती पण पिवळी पडली तर कारण सात लिहून नमुना बाद. वनिताबाईंना हे आधीच्या टेक्निशियनबाईंनी शिकवलं, त्यांनी पुढे चौघींना शिकवलं. दुरून आलेल्या, उन्हाळ्यात आलेल्या खोक्यांत असे नमुने जास्त निघत, आणि त्यामुळे वहिवाट बरोबरच आहे असं सगळ्यांना दर वर्षी नव्याने पटत असे. कवडीटोला सगळ्यात दूर. मे महिना. नऊ बाद. तेव्हा त्यांनी दुसऱ्यांदा पाहिलंसुद्धा नव्हतं.

आता त्यांनी क्रम पाहिला. के-१ बाद. दोन आणि तीन चांगले. चार, पाच बाद. सहा, सात, आठ चांगले. नऊ बाद. एकाच खोक्यात, एकाच बर्फात, शेजारी-शेजारी उभ्या राहिलेल्या नळ्या.

त्यांनी रामटेकेंना बोलावलं. रामटेके पूर्वी मोटरसायकलवर बर्फाचं खोकं बांधून गावोगावचे नमुने आणत. त्या मे महिन्यानंतर वनिताबाईंनी वर तक्रार लिहिली आणि त्यांचा फेरा ड्रोनला गेला. तेव्हापासून रामटेके भांडारात बसून रिकाम्या नळ्या मोजत, आणि वनिताबाईंशी ते फक्त नमस्कारापुरतं बोलत.

त्या खोक्याचं काय झालं होतं, वनिताबाईंनी विचारलं.

रामटेकेंनी आधी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले की काही झालं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी दोनदा बर्फ बदलला होता, एकदा तर शिवपिंडीवरच्या अभिषेकाला आणलेला मागून घेतला होता. हे त्यांनी तेव्हाही सांगितलं होतं.

"मी ऐकलं नाही," वनिताबाई म्हणाल्या.

"नाही ऐकलं तुम्ही," रामटेके म्हणाले. "मले एवढंच सांगा मॅडम. बर्फ काय आडनाव पाहून वितळते?"

त्यांनी ते टोमण्यासारखंच म्हटलं होतं. पण वनिताबाईंना त्यात दुसरंच ऐकू आलं: बर्फ नाही, पण रक्त आडनाव पाहतं. कारण के-१ कोण होती हे त्यांना माहीत होतं. त्या रक्त घ्यायला टोल्यावर स्वतः गेल्या होत्या. समाजमंदिराच्या ओट्यावर बाया जमल्या होत्या, पण सुईला भिऊन पुढे कुणी येत नव्हतं. तेव्हा एका उंच पोरीने बाही वर करून हात पुढे केला आणि बाकीच्यांना म्हणाली, पाहा, डास चावते तेवढंच. बाकीच्यांचं होईपर्यंत ती पोर ट्रे धरून उभी राहिली. संध्याकाळी परतताना वनिताबाईंनी तिच्या आईला विचारलं होतं, लग्नाचं पाहता का हिच्या?

के-१ची पट्टी पहिल्याच पायरीला, शून्य पूर्णांक बारालाच, पिवळी पडली होती. दोनदा.

डॉ. पांढरीपांडे प्रयोगशाळेचे प्रमुख होते. वनिताबाईंपेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान, संख्याशास्त्राचे, आणि सभ्य इतके की शिपायालाही 'जरा वेळ आहे का' असं विचारत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही घड्याळ पाहिलं नाही. मग म्हणाले, चूक झाली आहे, गंभीर आहे, आपण ते नऊ नमुने आत्ता परत घालू. त्यांनी ते घातले. पडद्यावरची टेकडी डावीकडे जराशी लांबली, कुणी झोपेत पाय ताणावा तशी. रेघ सरकली.

सत्तरची झाली सहासष्ट.

"एवढंच?" वनिताबाईंनी विचारलं.

पांढरीपांडेंनी समजावून सांगितलं. तीन हजारांत नऊ म्हणजे हजारात तीन. रेघ शंभरातला एक सोडून ओढलेली, म्हणजे तीस माणसं डावीकडे राहणार हे धरूनच चाललेलं. हे नऊ त्या तिसांतच बसतात. मानक त्यांच्यासाठी चुकलेलं नाही. मानकाने त्यांना आधीपासूनच सोडून दिलेलं आहे.

वनिताबाई म्हणाल्या की ते नऊ राज्यभर विखुरलेले असते तर गोष्ट वेगळी. इथे तेवीस माणसांत नऊ आहेत. वस्तीतली निम्मी घरं एकमेकांच्या नात्यातली आहेत. कुण्या पणजीच्या रक्तातून हे आलं असेल आणि टोलाभर पसरलं असेल. मीठ सगळ्या डाळीत चिमूट-चिमूट पडलं तर चालतं, सर. एकाच ताटात सगळं पडलंय.

"बरोबर आहे," पांढरीपांडे म्हणाले. "पण आलेखावर गाव नसतं."

मग एका गावापुरती वेगळी मर्यादा?

तशी सोय नियमात होती. त्यासाठी त्या गावातले कमीत कमी तीनशे नमुने लागत, नाहीतर खात्री पुरेशी होत नाही. कवडीटोल्याची वस्ती किती? वनिताबाईंनी सांगितलं, तान्ह्या पोरांसकट एकशे ऐंशी. गाव धोक्यात आहे हे सिद्ध करायला गावात पुरेशी माणसंच नव्हती.

मग ही चूक कळवायची कुठे, वनिताबाईंनी विचारलं. सरांनी मानकाची नियमावली पुढे केली. प्रामाणिक चूक आढळल्यास पुढच्या फेरआढाव्यात दुरुस्ती. फेरआढावा तीन वर्षांनी. त्याच्याच खाली आणखी एक कलम होतं. हेतुपुरस्सर फेरफार आढळल्यास त्या प्रयोगशाळेचे सर्व नमुने बाद, आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत मानक तत्काळ स्थगित, जुनी मर्यादा लागू.

वनिताबाईंनी ते दोनदा वाचलं. असं का, त्यांनी विचारलं. चुकीला तीन वर्षं आणि लबाडीला एक क्षण, हे कसलं शास्त्र?

पांढरीपांडेंना हा प्रश्न आवडला. त्यांच्या विषयातला होता. ते म्हणाले, माणसं चुकतात ती दोन्ही बाजूंना चुकतात. कधी जास्त, कधी कमी, आणि किती वेळा चुकतील याचाही अंदाज बांधता येतो. तो आमच्या पंचाण्णव टक्क्यांत धरलेला असतो. "खोट्याचा अंदाज बांधता येत नाही, मॅडम. खोटं बोलणारा किती खोटं बोललाय हे कोणतंच गणित सांगत नाही. म्हणून तिथे सगळंच बाजूला ठेवायचं."

वनिताबाई उठल्या. उद्या रजा हवी, म्हणाल्या.

सकाळी रामटेकेंनी भांडाराची किल्ली दुसऱ्याकडे दिली, मेहुण्याची टमटम आणली आणि वनिताबाईंसोबत निघाले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मागे शहराच्या नळाचं पाणी भरलेले वीस-वीस लिटरचे सहा कॅन होते. नेफोल गाळणीत अडकत नाही, उकळून उडत नाही. पाणीच दुसरं हवं.

कवडीटोला नेहमीसारखा होता, आणि तेच वनिताबाईंना सहन होईना. तलावावर ऊन पसरलं होतं. आचलचे वडील डोंग्यात बसून वेल उचलत होते. शिंगाडे उकडल्याचा वास होता. पाण्याच्या मधोमध यंत्राचा दिवा हिरवा.

आचल पाया पडायला वाकली तर त्यांनी तिला मधेच धरलं आणि तिचा चेहरा उजेडाकडे वळवला. डोळ्यांचं पांढरं जुन्या कागदासारखं झालं होतं. रोज पाहणाऱ्याला कळलं नसतं. त्यांनी तिची नखं पाहिली, पायांवरचे ओरखडे पाहिले, लघवीचा रंग विचारला. मग खुशीला जवळ बोलावलं आणि तिचेही डोळे पाहिले. खुशीने विचारलं की मोठी माय, तुम्ही असे डोळे काऊन करता?

पिशवीतून यंत्र काढून त्यांनी दोघींच्या बोटांतून थेंब घेतला. साधी तपासणी, दहा मिनिटांची. आचलच्या यकृताचे आकडे हवे त्याच्या पाचपट होते. खुशीचे तिप्पट. बाळाचे आकडे पाहायला कुठलीच सुई नव्हती. त्याचं काळीज आईच्याच रक्तावर होत होतं. ते कोणाच्या बाजूला गेलं असेल, आपल्या मुलाच्या की कवडीटोल्याच्या, हे वनिताबाई मनात धरू पाहत होत्या. पन्नास टक्के. आयुष्यभर टक्क्यांत काम करून त्यांना पहिल्यांदाच कळलं की टक्का छातीत कुठे दुखतो.

आज माझ्याबरोबर चल, त्या म्हणाल्या. पाण्याचा दोष आहे, म्हणाल्या. त्यापुढचं त्यांनी सांगितलं नाही.

"मी येते," आचल म्हणाली. "माय आणि खुशी?"

त्या पण चलू देत.

"मग काका? वंदनाकाकूचं तान्हं आहे. त्याचं पोट फुगलंय आठ दिवस झाले." तिने दाराबाहेर पाहिलं. "आई, इथून किती जणांना न्याल तुम्ही?"

आचलची आई छायाबाई एवढा वेळ चुलीपाशी होती. ती म्हणाली, "विहीणबाई, दिवा तं हिरवाच हाय न?"

हिरवाच आहे, वनिताबाई म्हणाल्या. छायाबाईने पुन्हा चुलीत फुंकर घातली. तिला काय विचारायचं होतं ते तिलाही नीट ठाऊक नसावं.

आचल तेवढ्यात बाहेर गेली होती. तिने कॅन उघडून घरोघरी बोलावणं धाडलं. तान्ही पोरं असलेल्या घरांना एक-एक कळशी, पोटुशा बायांना एक-एक. रामटेके ओतून देत होते. तुझ्यासाठी ठेव, असं वनिताबाई दोनदा म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हणायला त्यांची जीभ रेटेना. दुपारपर्यंत सहाच्या सहा कॅन रिकामे झाले. आचलने स्वतःसाठी दोन बाटल्या ठेवल्या आणि त्यातली एक खुशीला दिली. सोमवारी मायला घेऊन शहरातल्या दवाखान्यात येते, असं तिने कबूल केलं. सोमवार पाच दिवसांवर होता.

परतीच्या वाटेवर रामटेके म्हणाले की रोज आणू पाणी. वनिताबाईंनी मान हलवली. एकशे ऐंशी माणसं, माणशी पाच लिटर, भात शिजवायचं वेगळं, गुरांचं वेगळं, आणि तलावातली मासळी तर पोरांच्या ताटात रोजच. मग एकदम म्हणाल्या, "रामटेके, उद्या माझ्याविषयी काहीबाही ऐकाल. तुमच्याविषयी लिहिलेलं मात्र खोडलं जाईल. तेवढं खरं समजा."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्या पांढरीपांडेंच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या की कवडीटोल्याच्या नमुन्यांबाबत जबानी द्यायची आहे.

पांढरीपांडेंनी हातातला कागद खाली ठेवला. हुशार माणूस होता. तेव्हा कलम समजावताना त्याला जे दिसलं नव्हतं ते आता दिसलं असावं, कारण तो उठून खिडकीपाशी गेला आणि पाठमोराच बोलला. म्हणाला की यात नोकरी जाते. गुन्हा दाखल होतो. पेन्शनचं सोडाच, शिक्षाही होऊ शकते. चौकशी वर्षभर चालते, घरच्यांनाही बोलावतात, एकेकाला वेगवेगळं विचारतात. बोलण्यात कुठे फट दिसली, मूळची प्रामाणिक चूकच होती असं कुणाच्या तोंडून निघालं, की स्थगिती उठते. "म्हणून मॅडम, मला काही सांगू नका. जे सांगायचं ते जबानी टिपणाऱ्या या यंत्राला सांगा. मी फक्त नियमाप्रमाणे प्रश्न विचारतो."

यंत्राचा लाल ठिपका लागला.

के-१ ते के-२३मधले नऊ नमुने बाद कुणी केले? मी. बर्फ वितळला होता? नाही. वाहकाने तसं सांगितलं होतं? त्यांनी बर्फ शाबूत असल्याचं सांगितलं होतं, मी दाबलं. मग कारण सात का लिहिलं?

खोटं बोलायचं तर साधं बोलावं, हे वनिताबाईंनी वाटेतच ठरवलं होतं. एवढे पिवळे निघाले की खात्रीला टोल्यावर रक्त घ्यायला पुन्हा फेरी करावी लागते, त्या म्हणाल्या. ऊन होतं. कंटाळा केला.

पांढरीपांडेंनी पाण्याचा घोट घेतला.

"ते नमुने चांगले आहेत, हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"हो. जाणूनबुजून केलं."

त्यांनी खाली सही केली. नेहमीसारखीच, 'मारबते'तल्या 'ते'ला शेपूट असलेली. पडद्यावर नेफोलपुढचा सत्तरचा आकडा राखाडी झाला, त्याखाली 'स्थगित' आलं, आणि शेजारी शून्य पूर्णांक शून्य चार उमटलं. काही वाजलं नाही. सत्तर किलोमीटरवर एक झडप फिरली असेल. तलाव धुऊन निघायला दहा-बारा दिवस लागतील, असा वनिताबाईंनी अंदाज केला, आणि आचलच्या बाटल्या किती दिवस पुरतील याचाही.

त्यांनी काही कळवण्याआधीच बातमी कवडीटोल्याला पोचली. चारच्या सुमारास फोन वाजला तेव्हा वनिताबाई कपाट रिकामं करत होत्या. एक स्टीलचा डबा, वाचण्याचा चष्मा, हातरुमाल. चौकशीवाल्यांचा माणूस दारात उभा होता आणि आदबीने दुसरीकडे पाहत होता.

आचलचा आवाज सपाट होता. सगळ्यांच्या फोनवर आलंय, ती म्हणाली. बाबा डोंगा तसाच सोडून किनाऱ्यावर बसलेत. वंदनाकाकू तान्ह्याला घेऊन आमच्या दारात आली होती, नुसती उभी राहिली. माय म्हणते, काही समजण्यात चूक झाली असेल. विहीणबाई असं करायच्या नाहीत.

"मायला मी म्हटलं, मी विचारते." मग म्हणाली, "मी पहिली होते न आई त्या दिवशी. मीच हात पुढे केला होता."

"हो."

"मला सून करून नेलं. मग बाळंतपणासाठी स्वतः इथं आणून सोडलं. हे पाणी मला चालणार नाही, हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

वनिताबाईंनी दाराकडे पाहिलं. तो माणूस अजून दुसरीकडेच पाहत होता, पण कान काही वळवता येत नाहीत. आणि तो नसता तरी. आज ना उद्या आचललाही एका खोलीत बसवतील, लाल ठिपका लावतील, आणि ही पोर खोटं बोलू शकायची नाही. सुईला भिणाऱ्या बायांसमोर बाही वर करणारी पोर ही. खरं तिच्यापाशी एक दिवससुद्धा लपून राहिलं नसतं.

"हव," वनिताबाई म्हणाल्या. "माहीत होतं."

मग आचल म्हणाली की ती सोमवारी येणार नाही. तुमसरला मावशीकडे जाईल, तिथल्या दवाखान्यात. माय बरोबर येईल. मूल झाल्यावर तिचा नवरा येऊन पाहून जाईल. तुम्ही येऊ नका, एवढं ती नीट, एकेक शब्द वेगळा करून म्हणाली.

"सोमवारपर्यंत थांबू नको," वनिताबाई म्हणाल्या. "आजच जा. डॉक्टरांना तळहाताचं पहिलं सांग. बाळाचं हलणं मोजत राहा, कमी वाटलं तर..."

आचल ऐकत नव्हती, किंवा ऐकत होती. तिने फोन ठेवला मात्र नाही. तिच्या श्वासाचा आवाज येत होता. तो रडण्याचा आहे की दम लागल्याचा, हे वनिताबाई फोन कानाला घट्ट लावून, डोळे मिटून, ती ठेवीपर्यंत ऐकत राहिल्या.